ओढणारा आणि सोडणारा

शास्त्रभाग : १ करिंथ. १२:१२-२७

पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस शरीराचा दृष्टांत दिला. डोळा, हात व पाय ह्यांस एकमेकांची गरज आहे, हे त्याने दाखविले. आज आपण कातडीखाली थोडे खोल पाहू.

मनुष्याच्या शरीरात ६०० हून अधिक स्नायू आहेत. त्यांतील एकासही ढकलता येत नाही. प्रत्येकास केवळ ओढता येते. म्हणून हाडे हलविणारे स्नायू बहुधा जोडीने, एकमेकांच्या उलट बाजूंस बसविलेले आहेत. भाकरीचा घास तोंडाकडे नेताना दंडाचा पुढील स्नायू आखूड होऊन कोपर वाकवितो, आणि मागचा सैल पडतो. तोच घास हात लांब करून शेजाऱ्यास द्यावयाचा, तर मागचा ओढितो व पुढचा सोडितो. हे सोडणे आळस नव्हे. एकास ओढण्याची आज्ञा जाते, त्याच वेळी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत दुसऱ्याची आज्ञा रोखली जाते. हा नियम इंग्लंडातील चार्ल्स शेरिंग्टन ह्यांनी प्रयोगांनी स्पष्ट केला. १९३२ साली एडगर एड्रियन ह्यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

ही रोख नाहीशी झाली तर काय होते? धनुर्वात पाहा. जखमेत शिरलेल्या जंतूंचे विष नेमकी हीच रोख बंद पाडिते. मग दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ओढू लागतात. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. सर्वांचे बळ पणास लागलेले, परंतु घोटभर पाणी पिणेही कठीण! उलटपक्षी, पोलिओने एक बाजू लुळी पडली, तर दुसरीचा जय होत नाही; तिच्या एकटीच्या ओढीने अवयव हळूहळू वाकडा होतो.

मंडळीत एक म्हणतो, शाळेचे छप्पर आधी. दुसरा म्हणतो, कर्ज आधी. दोघेही मस्तक जो ख्रिस्त त्याचेच अवयव. सत्य व न्याय सोडावा असे मी म्हणत नाही. परंतु आपला हट्ट म्हणजे सत्य नव्हे. उलट ओढणाऱ्यास गप्प बसविले, तर मंडळी वाकडी होईल. दोघेही सोडीनात, तर ती ताठून जाईल, आणि दाराशी आलेल्या भुकेल्यापर्यंत तिचा हात पोहोचणार नाही.

म्हणून पुढील सभेत जाण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे : आज माझी पाळी ओढण्याची की सोडण्याची? प्रभू आपणांस दोहोंकरिता कृपा देवो. आमेन.