तीन प्रकारचे रुग्ण



अंगुत्तर निकायात तथागतांनी रुग्णांचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक, औषध व शुश्रूषा मिळो वा न मिळो, बरा होत नाही. दुसरा, ती मिळो वा न मिळो, बरा होतो. तिसरा मात्र मिळाली तरच बरा होतो. या तिसऱ्यासाठी उपचार सांगितले आहेत, आणि त्याच्यामुळेच उरलेल्या दोघांचीही सेवा करावयाची आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात हा उपदेश फार उपयोगी पडतो. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरण नष्ट करते. बहुधा वीस ते चाळीस या वयात तो सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. डोळ्याला अंधुक दिसते, पाय जड होतात, मुंग्या येतात. पुष्कळांना काही आठवड्यांनी आपोआप उतार पडतो. काही काळाने पुन्हा झटका येतो.

फसगत होते ती इथेच. उतार पडण्यापूर्वी अंगारा लावला असेल तर श्रेय अंगाऱ्याला जाते. आपल्या वांद्र्यात मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहतात. वाहणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांच्या दुःखाची टिंगल आपण करू नये. पण २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घराने मेणाचा पाय सोडून ‘स्टेम सेल’च्या जाहिरातीपुढे हात जोडले, तर बदलले काय?

इटलीचे डॉ. पाओलो झांबोनी यांच्या पत्नीला हा आजार होता. मानेतील शिरा अरुंद झाल्याने तो होतो, त्या फुग्याने रुंद कराव्यात, असे त्यांनी २००९ मध्ये मांडले. जगभर आशेची लाट उसळली. कॅनडातले रुग्ण भारतात येऊन हा उपचार करून गेले. पुढे झांबोनींनीच रीतसर तुलना केली. काहींच्या शिरा रुंद केल्या, काहींवर नुसता देखावा केला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला: उपयोग नाही. स्वतःच्या आशेची अशी परीक्षा घेणारा माणूस मला वंदनीय वाटतो.

मग आशा नाहीच का? आहे. झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून मिळू लागली, पुढे अधिक प्रभावी आली. मूळपेशींचाही एक खरा प्रयोग झाला. जोरदार औषधांनी रोगप्रतिकारशक्ती दाबून रुग्णाच्याच रक्तपेशी परत द्यायच्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११० रुग्णांच्या चाचणीत असा उपचार झालेल्यांपैकी ३ जणांचा आजार वाढला, नेहमीची औषधे घेणाऱ्यांपैकी ३४ जणांचा. परंतु हा उपचार जोखमीचा आहे, आणि वारंवार झटके येणाऱ्या, निवडक रुग्णांसाठीच आहे. गल्लीतल्या दवाखान्यात मिळणारे ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन म्हणजे तो नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा आजारात मूळपेशी केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा मंगळसूत्र गहाण टाकण्यापूर्वी विचारा: चाचणीची नोंदणी कुठे आहे? संमतीपत्र मराठीत आहे का? इजा झाल्यास भरपाई कोण देणार? उत्तर टाळले, तर उठून या.

आणि पहिल्या प्रकारचा रुग्ण? अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. या आजारातला थकवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सुनेला आळशी म्हटले जाते. उष्म्याने त्रास वाढतो; पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात तिचे पाय उचलत नाहीत. तिला पंख्याखाली बसवा, पाण्याची कळशी दुसऱ्याने आणा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नोंदलेला आहे. प्रमाणपत्रासाठी तिच्यासोबत रांगेत घरातल्या पुरुषाने उभे राहावे.