तेल कुठे घालावे?



सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जायचे म्हणून कित्येक घरांतली सायकल बाहेर निघते. नवखा मुलगा हौसेने साखळीला तेल घालतो. ब्रेक करकरतो म्हणून तिथेही दोन थेंब सोडतो. आवाज बंद होतो. पण ब्रेक लागतो तो रबर आणि रिम यांच्या घर्षणामुळे, आणि तेलाने नेमके तेच जाते. उतारावर ब्रेक दाबला तरी सायकल थांबत नाही. समोर ट्रॅक्टर असतो.

तेल वाईट नव्हते, हेतूही वाईट नव्हता. कमी पडला तो विवेक. संत थॉमस अक्विनास (१२२५-१२७४) यांनी विवेकाला इतर नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक मानले आहे. घरात कटकट नको म्हणून दारुड्या भावाच्या हाती पैसे दिले जातात, मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवला जातो. घर शांत होते, पण ब्रेक गेलेला असतो.

म्हणून आम्ही सांगतो, तेल लागलेली रिम साबणाने धुऊन कोरडी करा, रबर बदला. ब्रेक स्वतः दाबून पाहा, मगच सायकल लेकराच्या हाती द्या. नात्यांतही प्रेमाबरोबर योग्य वेळी नकार असू द्या.

प्रभू आपणां सर्वांस विवेक देवो. आमेन.