आवेगाला लगाम

हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने 2007 मध्ये ‘रेडिटक्स’ बाजारात आणले आणि रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध भारतात मूळ किमतीच्या जवळपास निम्म्यात मिळू लागले. त्याच शहरातल्या जामबागेत, विवेक वर्धिनी शिक्षणसंस्थेच्या आसपासच्या एखाद्या मराठी घरात बी-पेशींच्या लिम्फोमाचे निदान झाले, तर डॉक्टरांच्या बोलण्यात हे नाव आज हमखास येते. हे औषध रोगट पेशीवर खूण करते आणि पुढचे काम शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर सोपवते. पण त्या शक्तीतल्या सर्वांत जहाल लढवय्या म्हणजे टी-पेशी. त्या अशा खुणेकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

मग त्यांना ओढूनच आणले तर?

हा विचार 1985 सालचा. स्टर्झ, कानागावा आणि बेव्हन यांनी दोन प्रतिपिंडे जोडून दाखवले की एक टोक टी-पेशीला आणि दुसरे लक्ष्याला धरले, तर टी-पेशी त्या लक्ष्यावर तुटून पडते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ओकेटी-3 हे औषध मंजूर झाले. मूत्रपिंड रोपणानंतर शरीर नवा अवयव नाकारू लागले की ते देत. ते टी-पेशीवरच्या सीडी-3 या रेणूला पकडे आणि पहिल्याच डोसानंतर अनेक रुग्णांना थंडी वाजून सणसणून ताप भरे. चेतवलेल्या टी-पेशी सायटोकाइन नावाचे संदेशरेणू रक्तात ओततात, त्याचा हा परिणाम. धोक्याची सूचना तेव्हाच मिळाली होती.

तिचे गांभीर्य जगाला कळले ते मार्च 2006 मध्ये, लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात. टीजीएन-1412 हे प्रतिपिंड अशा दोन टोकांचे औषध नव्हते, पण टी-पेशींना थेट चेतवणारे होते. सहा निरोगी तरुणांना ते काही मिनिटांच्या अंतराने टोचले गेले. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच ती मात्रा होती, तरी दीड तासाच्या आत त्यांची प्रकृती ढासळू लागली आणि सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. सर्व वाचले, पण एकाला हातापायांची बोटे गमवावी लागली. माणसात ज्या प्रकारच्या टी-पेशी खवळल्या, माकडाच्या तशाच टी-पेशींवर त्या औषधाला हवा असलेला रेणूच नव्हता. त्यानंतर युरोपात नियम बदलले. पहिली मात्रा ठरवताना ‘किती सोसेल’ यापेक्षा ‘किती कमी दिले तरी परिणाम दिसू लागेल’ हा प्रश्न पुढे आला. या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा बदल हाच, आणि तो सहा जणांच्या यातनांतून आला हे विसरून चालणार नाही.

डिसेंबर 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ब्लिनाटुमोमॅब या कर्करोगावरच्या दोन टोकांच्या औषधात ही सावधगिरी दिसते. पहिला आठवडा दिवसाला 9 मायक्रोग्रॅम, मग 28. औषध शरीरात दोनेक तासांतच निम्मे होते, म्हणून चार आठवडे पंप लावून ठेवावा लागतो. रुग्णाला हा जाच खरा. पण पंप थांबवला की औषधही लवकर ओसरते.

दुसरा धडा शेजारच्या वाटेने आला. 2012 मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या चिमुरडीवर कार-टी उपचार, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार, सुरू असताना सायटोकाइनांचे वादळ उठले. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 बेसुमार वाढलेले आढळले आणि संधिवातावरचे टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली. वादळ शमवणारे औषध हाती आले, तसा डॉक्टरांचा धीरही वाढला.

तरीही वादळ उठल्यावर ते शमवणे आणि मुळात उठूच न देणे यांत फरक आहे. आता रचनाकार रेणूतच लगाम घालतात. सीडी-3 वरची पकड मुद्दाम सैल ठेवतात आणि प्रतिपिंडाचे शेपूट निष्क्रिय करतात, म्हणजे कर्करोगाची पेशी समोर नसताना टी-पेशी उगाच चेतत नाही. मुंबईच्या ग्लेनमार्क समूहातल्या इक्नोस ग्लेनमार्क इनोव्हेशनचे आयएसबी-2001 हे औषध मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीवरचे बीसीएमए आणि सीडी-38 असे दोन रेणू एकाच वेळी धरते, तिसऱ्या टोकाने टी-पेशीला. दोन्ही खुणा असलेल्या पेशीवर पकड घट्ट बसते. 2025 मध्ये मांडलेल्या पहिल्या टप्प्याच्या निष्कर्षांत 79 टक्के रुग्णांना गुण आला. सायटोकाइनांचा त्रास अनेकांना झाला, पण बहुतांशी सौम्य. रुग्णसंख्या लहान आहे, म्हणून आनंदही बेतानेच मानलेला बरा.

आपल्याकडे सुरक्षिततेला आणखी एक अर्थ आहे. टी-पेशीला ओढून आणणाऱ्या टेक्लिस्टामॅबसारख्या औषधाच्या सुरुवातीच्या प्रत्येक चढत्या डोसानंतर रुग्णाला 48 तास रुग्णालयात ठेवण्याची सूचना असते. अतिदक्षतेची खाट आणि चोवीस तास देखरेख मोठ्या शहरातही सर्वांना परवडत नाही. नांदेड-बीदरकडच्या रुग्णाला तर आधी असे शहर गाठावे लागते. त्रास जितका सौम्य, तितके ते औषध जिल्ह्याच्या ठिकाणाजवळ येते.

जुलै 2025 मध्ये ॲबव्ही कंपनीने 70 कोटी डॉलर आगाऊ देऊन आयएसबी-2001 चे उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि बृहत्तर चीनसाठीचे हक्क घेतले. भारतासाठीचे हक्क ग्लेनमार्ककडेच आहेत. चाचण्या यशस्वी झाल्या, तर इथल्या रुग्णाला हे औषध कोणत्या किमतीत मिळावे याचा निर्णय मुंबईतच होईल.