वेपथू

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव आठ मानले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मन एकाग्र झाल्यावाचून ते नटाला साधत नाहीत, म्हणून त्यांना हे वेगळे नाव. इतर सोंगे हातापायांनी आणता येतात. अंगावरचा काटा मात्र आतून यावा लागतो. या आठांपैकी नेमक्या एकावर, वेपथूवर म्हणजे कंपावर, बोट ठेवून त्याला गप्प करणारी गोळी गेली साठ वर्षे औषधांच्या दुकानात मिळते आहे. तिने नीतिविचारापुढे जो पेच टाकला आहे त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झालेली माझ्या वाचनात नाही. म्हणून हा प्रपंच.

गोळीचे नाव प्रोप्रॅनोलॉल. ती काही भित्र्यांसाठी घडवलेली नव्हती. दोन जिने चढताच ज्यांच्या छातीत कळ येते अशा रोग्यांसाठी ती होती. त्या काळी वैद्यकाची खटपट हृदयाचा रक्तपुरवठा कसा वाढेल याची असे. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टराने प्रश्न उलटा घातला: पुरवठा वाढत नसेल तर हृदयाची मागणीच का कमी करू नये? (महिनाअखेरीला माझी आई हेच अर्थशास्त्र चालवीत असे.) भय, संताप वा श्रम यांच्या वेळी अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते आणि हृदयाला चाबूक मारते. तो चाबूक हृदयाला लागू नये, एवढेच ब्लॅकला हवे होते.

पण लागू नये म्हणजे कोठे लागू नये? केंब्रिजच्या लँग्लीने १९०५ साली निकोटिन आणि क्युरारे यांचे स्नायूंवरचे परिणाम पाहून अनुमान केले होते, की ही द्रव्ये स्वीकारणारे पेशीपाशी काहीतरी असले पाहिजे. जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या वाटेने तेथेच पोचला. चिकटल्यावाचून द्रव्य काम करीत नाही, हे त्याचे सूत्र. ते ‘काहीतरी’ म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावरचे दार म्हणा. १९४८ साली अमेरिकेत रेमंड अॅलक्विस्टने अॅड्रेनॅलिन आणि त्याच्या काही भावंडांची निरनिराळ्या अवयवांवरची ताकद मोजली. ताकदीचा क्रम सगळीकडे एकच येईना. दोन वेगळे क्रम आले. तेव्हा दारेही दोन जातींची असली पाहिजेत, असे म्हणून त्याने त्यांना अल्फा आणि बीटा ही नावे दिली. धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या आमच्या नैयायिकांना हे अनुमान फार आवडले असते. अॅलक्विस्टच्या समकालीनांनी मात्र त्याकडे बरीच वर्षे लक्ष दिले नाही.

ब्लॅकने दिले. १९५८ साली आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीत जाऊन त्याने त्या न दिसणाऱ्या दारासाठी एक चमत्कारिक किल्ली घडवायला घेतली: कुलपात शिरेल, फिरणार नाही, आणि अडकून बसल्यामुळे खऱ्या किल्लीलाही शिरू देणार नाही. पहिली किल्ली, प्रोनेथालॉल, उंदरांत गाठी आढळल्याने मागे पडली. १९६४ साली प्रोप्रॅनोलॉलची वार्ता प्रसिद्ध झाली आणि १९८८ साली ब्लॅक नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला. बीटा जातीच्या एका दाराची सविस्तर रचना डोळ्यांना दिसली ती २००७ साली, म्हणजे किल्लीनंतर चाळीस वर्षांनी. पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेली ती प्रथिनाची साखळी. त्या शोधाशी निगडित कोबिल्का आणि लेफ्कोविट्झ यांना २०१२ साली नोबेल मिळाले. आज जगातल्या औषधांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा याच घराण्यातल्या दारांवर काम करतो.

आता पेच. लढाईपूर्वी अफूचा घोट घेणारे शिपाई इतिहासाला नवे नाहीत, आणि भाषणाआधी पेला रिकामा करणारे वक्तेही. त्यांच्याविषयी आपला नैतिक आक्षेप सरळ होता: नशेत विवेक बुडतो. ज्याचा विवेक बुडाला त्याच्या शौर्याला कोण शौर्य म्हणेल? पण ही नवी गोळी आकृती पाहून, दार ओळखून घडवलेली आहे. तिने कैफ चढत नाही. विचार स्वच्छ राहतात, फक्त हात स्थिर होतो आणि छाती धडधडत नाही. घाम येतोच, रोमांचही उठतात. कारण त्यांची दारे निराळी. (दार चुकत नाही असे मात्र नव्हे. फुप्फुसातही बीटा दारे असतात. दमेकऱ्याला हीच गोळी घातक ठरू शकते.) औषध जितके नेमके झाले तितका आमचा जुना आक्षेप बोथट झाला. नशा नाही, मग दोष कशाचा?

माझी एक भाची शास्त्रीय गाणे शिकते. मंचावर बसताच तिचा आवाज थरथरतो. डॉक्टरांनी तिला ही गोळी सुचवली तेव्हा तिने मला विचारले, “मामा, गोळी घेऊन गायले तर ते गाणे माझे असेल का?” प्रश्न नवा नाही. १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये याच जातीच्या एका औषधाचा तंतुवाद्य वाजवणाऱ्या २४ कलावंतांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता, आणि औषधाने वादन सुधारले होते. मी तिला म्हटले, गाणे तुझेच. कंप म्हणजे आरशावरची धूळ. ती पुसल्याने चेहरा परका होत नाही. पण त्यावर ती म्हणाली, “मग तो कोरियाचा नेमबाज?” २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदके याच प्रोप्रॅनोलॉलपायी काढून घेतली गेली. मला त्यात विसंगती दिसत नाही. पिस्तुलाच्या स्पर्धेत हात स्थिर ठेवणे हीच स्पर्धा असते. गाण्यात तसे नाही. डोळ्याची शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात कशाने स्थिर आहे हे तर टेबलावरचा रोगी विचारणारच नाही. तेव्हा गोळीचे पापपुण्य गोळीत शोधण्यात अर्थ नाही, ज्या कृतीसाठी ती घेतली त्या कृतीच्या प्रयोजनात शोधावे. भाचीचे समाधान झाले. माझे पुरते झाले नाही.

कारण सगळेच कंप धूळ नसतात. १८८४ साली विल्यम जेम्सने एक विक्षिप्त सिद्धांत मांडला होता: आपण भितो म्हणून कापत नाही, कापतो म्हणून भितो. ही गोळी घेणारे सांगतात की भीतीचा विचार असतो, पण शरीर त्याला साथ देत नाही. म्हणजे जेम्स निदान अर्धा बरोबर होता. शरीराच्या साथीवाचून भय हे नुसते मत होऊन बसते.

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या देहाची जी तक्रार सांगतो, ती रोग्याने वैद्याला सांगावी इतकी बारकाईची आहे. कंप त्यात आहे, रोमांच आहे, कोरडे तोंड आहे. समजा, सारथ्याने रथातल्या पेटीतून चाळीस मिलिग्रॅम काढून दिले असते. गांडीव हातात राहिले असते, युद्ध झाले असते. झाले तरी तेच! मग उरलेल्या सतरा अध्यायांनी वेगळे काय साधले? कोणी म्हणेल, श्रीकृष्णानेही अखेर कंपच थांबवला, शब्दांनी एवढेच. मला ते पटत नाही. अर्जुनाच्या कंपाला एक प्रश्न चिकटलेला होता: आपल्याच माणसांना मारू का? गोळी त्या प्रश्नाला उत्तर देत नाही, तो ज्या जासुदाच्या हाती आला त्याला वेशीवरच अडवते. श्रीकृष्णाचे उत्तर तुम्हाला मान्य असो वा नसो, त्यांनी जासुदाला आत तरी घेतले.

ही नुसती पुराणातली कल्पना नव्हे. आघातानंतर लगेच प्रोप्रॅनोलॉल दिले तर पुढे स्मृतीचा दाह कमी होतो का, याचा एक छोटा प्रयोग बॉस्टनच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केला. पुढच्या प्रयोगांचे फळ संमिश्र आले. पण २००३ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीतिमंडळाने आपल्या अहवालात शंका घेतलीच, की अशाने दुष्कृत्याच्या आठवणीची बोचही जाईल. अपघातात सापडलेल्या मुलीला ही गोळी द्यावी, याविषयी मला तिळमात्र संशय नाही; तिच्या दुःखाने तिला शिकवावे असे काही नाही. परंतु गोळी झाडणाऱ्यालाही ती द्यावी का? अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगात एक लाख मेले, दीड लाख देशोधडीला लागले, असे आकडे आहेत आणि त्यांच्यापाशीच अनुताप आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलेला नाही. जिंकलेल्यांना तो ऐकवणे राज्यकर्त्याला सोयीचे वाटले नसावे. तरी अनुताप होता. आठवणीची आग विझवलेला राजा आकडे लिहून मोकळा झाला असता.

हे सारे मी तटस्थपणे लिहितो आहे याचे एक कारण तुम्हाला सांगितले पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी छातीत कळ आली तेव्हापासून मी याच कुळातली एक गोळी रोज सकाळी घेतो. स्नेहीमंडळी म्हणतात, निवृत्तीनंतर तुम्ही फार शांत झालात. मी गीतेचा हवाला देऊ लागलो की पत्नी औषधाच्या डबीकडे पाहते. गोळी सोडण्याचा विचार माझ्या मनात नाही. कळ ती कळ. पण माझ्या शांतीत माझा वाटा किती, याचा हिशेब मला लागत नाही.

मागच्या वर्षी एका कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारी विधवा होती. तिचे कागद खिडकीतल्या माणसाने पाहण्याआधीच सरकवून दिले आणि चार शब्दही सुनावले. मी पुढे होऊन, नियम काय आहे तो संथ, स्पष्ट आवाजात सांगितला. त्यानेही तितक्याच संथपणे मला रांगेत परतायला सांगितले. मग मागून एक तरुण बाई बोलली. तिला वाक्य धड पुरे करता येत नव्हते, आवाज फाटत होता, हातातली पिशवी कापत होती. सारी रांग मागे वळून पाहू लागली. खिडकीतल्या माणसाने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि म्हातारीचे कागद परत मागून घेतले.