नवे इंजिन आणि वीणेची तार



सुट्टीत काही कुटुंबे नवी गाडी घेऊन न्यूयॉर्कला जातील. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले, ते पाहतील. प्रवासाआधी एवढे लक्षात ठेवा: पहिले हजार मैल इंजिन अंगवळणी पडण्याचे असतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसायच्या असतात. गाडी एकदम पळवली तर झीज होते. फारच जपली तर रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल पिऊ लागते.

सोण भिक्खूने चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ केले आणि निराश होऊन घरी परतण्याचा विचार केला. तो पूर्वी वीणा वाजवी. तथागतांनी त्याला तारेचीच आठवण दिली. फार ताणलेली तार नीट वाजत नाही, सैल तारही नाही.

आपल्यातही कुणी वर्षावासात पहिल्याच आठवड्यात रोज दोन तास ध्यानाला बसतो आणि महिन्याभरात विहारात दिसेनासा होतो. कुणी म्हणतो, ‘निवृत्तीनंतर बघू.’ दोघांच्याही अंगी धम्म मुरत नाही, आणि घरातली मुले हे पाहत असतात.

म्हणून आषाढी पौर्णिमेपासून रोज वंदना, दहा मिनिटे आनापान आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची दोन पाने एवढेच करा, पण एकही दिवस चुकवू नका. पल्ला लांबचा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!