हिरडीखालचा आस्रव

साचलेला मळ एकदा काढला की शुद्धी झाली का? दिगंबर जैन विचारवंतांनी हा प्रश्न कर्माच्या अंगानं कसून तपासला. कर्म आत येतं तो आस्रव, ते चिकटतं तो बंध. येणं थोपवायचं तो संवर आणि चिकटलेलं झडतं ती निर्जरा. या कर्मविचाराचा प्राचीन ग्रंथ ‘षट्खंडागम’. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ‘धवला’ टीकेसह त्याचा पहिला खंड १९३९ मध्ये तिथूनच प्रसिद्ध केला.

हिरड्यांच्या आजाराचा हिशेबही असाच चालतो.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट १ ते ३ मिलिमीटर असते. कीटण साचत गेलं की ती खोल होते आणि ब्रश तिथे पोचत नाही. डॉक्टर मग आधी हिरडी न कापताच मुळं खरवडतात. दिसत काही नाही, हाताला लागेल तेवढंच कळतं. साधं अवजार असो की अल्ट्रासोनिक यंत्र, निकाल जवळपास सारखाच. लेझरचा गाजावाजा जाहिरातींत जास्त, पुराव्यात कमी. फट ६ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर हिरडी उलगडून डोळ्यांदेखत केलेली सफाई सरस ठरते. उथळ फटीत मात्र तीच शस्त्रक्रिया हिरडीची दातावरची पकड सैल करते. जास्त खोल जाणारा उपाय जास्त शुद्ध करतो, ही समजूत इथे साफ कोसळते.

शिवाय यातली प्रत्येक पद्धत निर्जरेचीच. जंतू काही आठवड्यांत परततात, म्हणून रोजचं घासणं आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी हा संवर. रुग्णाला तोच नको असतो. ‘एकदाचं काय ते करून टाका ना जी,’ म्हणणाऱ्याच्या खिशात तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी असते! शेंडगावच्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) झाडू कधी एकदाचा ठेवून दिला नाही. दिवसा रस्ते झाडायचे, रात्री कीर्तनात व्यसनांवर तुटून पडायचे.

गंमत म्हणजे, संवराचा इतका बारकाईनं विचार करणाऱ्या परंपरेतले दिगंबर मुनी दात घासत नाहीत. अदंतधावन हा त्यांच्या २८ मूलगुणांपैकी एक; देह सजवण्याची आसक्ती त्यांना नको असते. पण ते दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीतून जेवतात. श्रावकाला, म्हणजे संसारी जैनाला, यातलं काहीच बंधनकारक नाही. तेव्हा हिरडीतून रक्त येत असताना अदंतधावन तेवढं सोयीनं उचलू नये.