बांधावरून चालणाऱ्यांचं देणं

राजाजीनगरात नळाला येतं ते कावेरीचं पाणी. सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर वर चढवून ते बंगळूरला आणलं जातं. ही नदी कोडगूतल्या तलकावेरीला उगम पावते. पावसाळ्यात शुक्रवारी रात्री पाठीवर सॅक टाकून बसमध्ये चढणारी इथली तरुण मंडळी बहुधा त्याच डोंगरांकडे निघालेली असतात, नाहीतर सकलेशपूरकडे. आम्हा मराठी घरांची ओढ आणखी उत्तरेला, खानापूर-जांबोटीच्या बाजूला. मलप्रभा तिथेच कणकुंबीला उगम पावते आणि पुढे हुबळी-धारवाडची तहान भागवते. तिकडे चालायला जायचं ते मुख्यतः भातासाठी. उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली हिरवी खाचरं बघत बांधावरून चालणं हा मोठाच आनंद आहे. पण त्या आनंदाची किंमत आज आपण चुकती करत नाही, आणि ती करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

खाचर निसर्गानं दिलेलं नाही. कुणीतरी उतार फोडला, माती सपाट केली, दगडमातीचा बांध घातला, वरच्या खाचरातलं जादा पाणी खालच्यात उतरायला वाट ठेवली. आणि हे एकदा करून भागत नाही. खेकडा बांधाला बीळ पाडतो आणि पाणी निघून जातं. पावसाआधी बांध नीट केला नाही तर जुलैच्या झडीत तो बसतो, मग वरच्या शेताची माती खालच्याच्या रोपांवर येते. त्यानंतर चिखलणी, रोप उपटणं, लावणी. दिवसभर गाळात पाय रोवून, कमरेत वाकून लावणी करतात त्या बहुतेक बायकाच. चार वर्षं शेत पड राहिलं की गवत-झुडपं माजतात, बांध ढासळू लागतात, आणि आपण ज्यासाठी गेलो ते दृश्यच उरत नाही.

फिलिपिन्समधल्या इफुगाओच्या भातपायऱ्या १९९५ साली जागतिक वारसा यादीत गेल्या आणि २००१ मध्ये धोक्यातल्या वारशांत त्यांची नोंद करावी लागली. शेती सोडून माणसं निघून जात होती. धोक्याच्या यादीतून त्या २०१२ मध्ये बाहेर आल्या. जगभरचे प्रवासी येत असतानाही बांध पडत होते, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

२०२५-२६ साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. सुट्टीच्या दिवसांत होमस्टेतली एक रात्र अनेकदा याहून महाग पडते. त्या रात्रीचे पैसे होमस्टेवाल्याला, गाडीवाल्याला, सहल काढणाऱ्याला मिळतात. बांध घालणाऱ्याला त्यातलं काही मिळेलच असं नाही, आणि लावणीला आलेल्या मजूर बाईला तर नाहीच. वनखात्याच्या ट्रेकवाटांसाठी आपण आधी बुकिंग करतो, शुल्क भरतो, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शेतातून मात्र आपण फुकट चालतो. तेही लावणीच्या दिवसांत, बांध सर्वांत मऊ असताना, वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यानं, जाड तळव्यांचे बूट घालून. बांधाची कड तुटली की खाचरातलं पाणी जातं. फोटोपुरती अर्धा तास केलेली लावणीही मला पटत नाही. ती वाकडीतिकडी रोपं मागाहून कुणालातरी सरळ करावी लागतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शेतकऱ्यानं तोट्यात भात पिकवत राहावं म्हणजे शहरवाल्यांना हिरवळ बघता येईल, अशी अपेक्षा करणारे आपण कोण? तसा हक्क आपल्याला नाहीच. शिवाय दरीतली भातजमीन सपाट. रस्ता जवळ असला की रिसॉर्टला तीच सोयीची. कर्नाटकात २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. मालकानं विकली तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणूनच भात पिकवणं त्याला परवडायला हवं, आणि त्याचा भार ज्यांना त्याचा लाभ होतो त्यांनी उचलायला हवा.

हा लाभ नुसता डोळ्यांचा नाही. खाचरात थांबलेल्या पावसाचा काही भाग जमिनीत मुरतो, तोच पुढे ओढ्यांना सावकाश मिळत राहतो. केरळनं भातजमीन राखण्यासाठी २००८ मध्ये कायदा केला आणि २०२० पासून अशी जमीन पिकाखाली ठेवणाऱ्या मालकांना हेक्टरी २,००० रुपये मानधन द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी होती. पण भाताचं शेत तांदळाखेरीज आणखीही काही देतं आणि त्याचा मोबदला द्यायला हवा, हे एका सरकारनं मान्य केलं.

बंगळूरकरांना हे पटवायला फार लांब जावं लागू नये. २०२४ च्या उन्हाळ्यात आपण टँकरच्या मागे धावलो. त्या ऑक्टोबरात कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, एप्रिल २०२५ मध्ये पाण्याचे दर वाढले. त्या बिलात कावेरीच्या उगमाकडच्या भातशेतीसाठी एक छोटी रक्कम धरली, तर राजाजीनगरातल्या घरांना ती जाणवणारही नाही. चालायला जाणाऱ्यांकडून ग्रामपंचायतीनं शुल्क घ्यावं, ते बांधाच्या मजुरीलाच खर्च व्हावं, आणि लावणीच्या आठवड्यांत वाट बंद ठेवायचा अधिकारही गावाकडे असावा. सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर सहल काढणाऱ्या गटांनी निदान ज्याच्या बांधावरून गेलो त्याला आधी विचारावं, वाटेचे पैसे त्याच्या हातात द्यावेत आणि मळणीनंतर वर्षाचा तांदूळ त्याच्याकडूनच, तो सांगेल त्या भावानं घ्यावा.